रंगून पडले, बंगाल पाडला गेला

८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य रंगूनमध्ये शिरले. त्याआधी तीन आठवडे सिंगापूर पडले होते. टिळकांच्या कारावासामुळे मराठी माणसाच्या ओळखीचे झालेले मंडाले १ मे रोजी गेले, आणि पावसाळा लागेपर्यंत ब्रह्मदेशातली इंग्रजी फौज उरलेसुरले सामान पाठीवर घेऊन मणिपूरच्या डोंगरांत पोहोचली होती. पुढच्या वर्षी बंगालमध्ये माणसे उपाशी मरू लागली. सरकारी चौकशी आयोगाने मेलेल्यांचा आकडा १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो २१ लाखांपासून ३० लाखांपर्यंत नेला.

या दोन घटना एकीमागून एक घडल्या आणि तेवढ्यावर आपण त्यांचा संबंध जोडून मोकळे झालो. जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला, म्हणून बंगालमध्ये दुष्काळ पडला. हे इतक्या सहजपणे लिहिले-बोलले जाते की त्यात काही तपासून पाहावे असे कुणाच्या मनातही येत नाही. माझे म्हणणे असे की यातला पहिला भाग खरा, दुसराही खरा, पण तिसरा त्या दोहोंतून निघत नाही. जपानी आक्रमणाने बंगालवर संकट आणले. बंगालची माणसे मात्र त्या आक्रमणाला तोंड देण्याच्या नावाखाली घेतलेल्या निर्णयांनी मारली. हे निर्णय कुणी घेतले, केव्हा घेतले, कोणत्या कारणासाठी घेतले हे आज ठाऊक आहे. त्यामुळे युद्धाकडे बोट दाखवून कुणालाही त्यातून सुटता येणार नाही.

पूर्वपक्ष मात्र नीट मांडला पाहिजे, कारण त्यात दम आहे. एप्रिल १९४२ मध्ये जपानी नौदल बंगालच्या उपसागरात मोकाट फिरत होते. त्याने कोलंबोवर हल्ला केला, विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब पडले. ब्रह्मदेशातून चार-पाच लाख भारतीय माणसे पायी, अर्धमेल्या अवस्थेत आराकान, मणिपूर आणि आसामच्या वाटेने परतली. वाटेत हजारोंनी प्राण सोडले. मलायात जपान्यांनी किनाऱ्यावरच्या लहान होड्या वापरून इंग्रजांच्या पिछाडीला सैन्य उतरवले होते, तेव्हा बंगालच्या खाड्यांमध्ये तेच होईल ही भीती पोकळ नव्हती. त्यात १६ ऑक्टोबर १९४२ ला मिदनापूरवर भयंकर चक्रीवादळ आले, समुद्र आत शिरला, उभे पीक झोपले, आणि मागून भातावर करपा पसरला. पूर्वपक्ष म्हणतो की शत्रू दाराशी, समुद्र बंद, पीक बुडालेले, अशा वेळी कोणतेही सरकार काय करू शकले असते?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते त्याच युद्धात, त्याच समुद्राच्या काठावर मिळते.

भारत ब्रह्मदेशातून दरसाल दहा ते वीस लाख टन तांदूळ आणत असे. हा सगळा तांदूळ बंगालच्या पोटात जात नव्हता. बंगाल स्वतःच देशातला सर्वांत मोठा भात पिकवणारा प्रांत. त्याच्या एकूण गरजेत बाहेरच्या तांदळाचा वाटा लहान होता. बाहेरच्या तांदळावर खऱ्या अर्थाने जगत होते ते सिलोन, त्रावणकोर आणि कोचीन. सिलोनच्या ताटातला सुमारे दोन तृतीयांश तांदूळ परदेशी, त्यातही बराचसा ब्रह्मी. रंगून पडल्याने उपासमार व्हायचीच असती तर ती सर्वांत आधी कोलंबोत आणि कोचीनमध्ये व्हायला हवी होती. सिलोनमध्ये १९४२ सालीच तांदळाचे रेशनिंग सुरू झाले. त्रावणकोर-कोचीनमध्ये माणसांचे हाल झाले, अपुऱ्या अन्नाने रोगराई वाढली, हे लपवण्याचे कारण नाही; पण रेशनिंग तिथेही लवकर आले, खेड्यांपर्यंत पोहोचले, आणि बंगालसारखी प्रेते रस्त्यावर पडली नाहीत. जे ब्रह्मी तांदळावर सर्वाधिक अवलंबून होते ते तगले. जो सर्वांत कमी अवलंबून, तो प्रांत मेला. ‘तांदूळ बंद झाला म्हणून’ हे कारण इथेच लंगडे पडते.

सिलोनची काळजी का घेतली गेली, हेही पाहिले पाहिजे. मलाया गेल्यावर दोस्त राष्ट्रांसाठी सिलोनच्या रबराच्या मळ्यांना सोन्याचे मोल आले होते, आणि हिंदी महासागरातले नाविक तळ तिथे होते. जानेवारी १९४३ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो याने भारतमंत्री अ‍ॅमरीला कळवले की सिलोनसाठी बंगालने आणखी तांदूळ काढून दिलाच पाहिजे, मग बंगालला स्वतःला तूट सोसावी लागली तरी चालेल, असे आपण बंगालचे मुख्यमंत्री फझलुल हक यांना बजावले आहे. तांदूळ नव्हता अशी तक्रार करणाऱ्या राजवटीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे हे पत्र आहे. तूट कुणी सोसायची हे ठरवले जात होते, आणि ठरवणाऱ्यांना आपण ते ठरवतो आहोत याची जाणीव होती.

अमर्त्य सेन यांनी लहानपणी हा दुष्काळ शांतिनिकेतनात डोळ्यांनी पाहिला. १९८१ मधल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हिशेब मांडला: १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेला तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्के कमी होता, आणि १९४१ पेक्षा तर तेरा टक्के जास्त होता. १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. या आकड्यांवर वाद आहेत. करप्याने पिकाची हानी सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त झाली, असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. घटकाभर धरून चालू की तूट पाच टक्के नव्हती, पंधरा टक्के होती. तरी पंधरा टक्क्यांची तूट सहा कोटी लोकांत वाटली गेली असती तर प्रत्येकाच्या पानात दोन घास कमी पडले असते. ती वाटली गेली नाही. ती सगळी शेतमजूर, कोळी, नावाडी, भात कांडणाऱ्या बायका आणि खेड्यातले कारागीर यांच्या डोक्यावर टाकली गेली. ज्याच्या स्वतःच्या शेतात भात होता तो शेतकरी बहुतांशी वाचला. ज्याला भात विकत घ्यावा लागत होता तो मेला. पिकाच्या तुटीने ही निवड होत नाही.

ही निवड कशाने झाली, हे पाहायचे तर खाडीत उतरावे लागते.

१९४२ च्या वसंतात बंगाल सरकारने शत्रूला काही मिळू नये म्हणून किनारी जिल्ह्यांत दोन गोष्टी काढून घेण्याचे ठरवले: तांदूळ आणि होड्या. मिदनापूर, बाकरगंज, खुलना या भागांतला ‘जादा’ तांदूळ सरकारी एजंटांनी वाटेल त्या भावाने उचलला. प्रमाण फार नव्हते, सुमारे ४० हजार टन. पण ज्या गावात सरकारचा माणूसच चढ्या भावाने भात घेऊन जातो, त्या गावात दुसऱ्या दिवशी कुणी आपली कणगी उघडत नाही. बाजार तिथेच बिथरला. होड्यांच्या बाबतीत हुकूम असा होता की दहा किंवा त्याहून जास्त माणसे वाहून नेऊ शकेल अशी प्रत्येक होडी नोंदवायची आणि काढून घ्यायची, नाहीतर नष्ट करायची. नोंदलेल्या सुमारे ६६ हजार होड्यांपैकी सुमारे ४६ हजार अशा रीतीने गेल्या. ज्या फोडल्या-जाळल्या नाहीत त्या सरकारी तळांवर ओळीने उभ्या करून ठेवल्या, आणि देखभालीवाचून त्यांतल्या पुष्कळ तिथेच कुजल्या.

कोकणच्या खाड्यांवर वाढलेल्या वाचकाला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. देशावरच्या वाचकाने क्षणभर त्या मुलखाची कल्पना करावी. बाकरगंजमध्ये रस्ते नाहीत, पाणी आहे. बैलगाडी, टांगा, लॉरी, बाजाराची वाट, सगळे म्हणजे होडी. होडी गेली की कोळ्याला खोल पाण्यात जाता येत नाही, म्हणून मासे नाहीत आणि मासे विकून घ्यायचा तांदूळही नाही. कुंभाराला नदीकाठची माती आणता येत नाही आणि मडकी बाजाराला नेता येत नाहीत. नदीच्या मुखाशी गाळाने तयार झालेल्या बेटांवर ज्यांची शेते, त्यांना पेरणीला जाता येत नाही. म्हणजे होडी जप्त झाली त्या वर्षीच्या अन्नाबरोबर पुढच्या वर्षीचेही गेले. आणि एका जिल्ह्यात भात उरला असला तरी तो पलीकडच्या उपाशी जिल्ह्यात पोहोचवायचा कशाने? मालकाला काही भरपाई मिळाली असेल, पण भाड्याने होडी वल्हवणाऱ्या नावाड्याला कुणी विचारले नाही. पुढे सांख्यिकी तज्ज्ञ महालनोबिस यांच्या देखरेखीखाली पाहणी झाली, तेव्हा सर्वाधिक उद्ध्वस्त झालेल्यांत शेतमजुरांच्या बरोबरीने हेच लोक दिसले: मच्छीमार आणि वाहतुकीवर पोट असलेले.

याशिवाय विमानतळ आणि लष्करी तळ यांसाठी तीस हजारांहून अधिक कुटुंबांना घरादारांतून उठवले गेले. २ ऑगस्ट १९४२ रोजी मुख्यमंत्री हक यांनी गव्हर्नर हर्बर्टला पत्र लिहून इशारा दिला होता की मंत्रिमंडळाला डावलून परस्पर राबवलेल्या या धोरणाने बंगालवर तांदळाचा दुष्काळ ओढवतो आहे. वादळ यायला अजून अडीच महिने होते. तेव्हा पुढे काय होणार हे कुणाला कळले नाही, असेही म्हणता येत नाही.

लष्करी गरजेचा युक्तिवाद इथे पुन्हा पुढे येतो, म्हणून त्याचे उत्तर इथेच देतो. भीती एप्रिलमध्ये खरी होती. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली, आणि बंगालच्या उपसागरात मोठे आरमार आणण्याची त्याची शक्ती संपली. पावसाळ्यात जपानी सेना चिंदविन नदीच्या काठावर थांबली आणि पुढे दीड वर्ष तिथेच राहिली. भारताच्या भूमीवर तिची मोठी चढाई झाली ती मार्च १९४४ मध्ये, इंफाळ आणि कोहिमाच्या दिशेने; सांगशाकच्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण तिला भिडली ती तेव्हा. तोवर बंगालमध्ये मरायचे त्यांतले लाखो मरून गेले होते. शत्रू येईल म्हणून होड्या मोडल्या. शत्रू आला नाही, होड्याही परत आल्या नाहीत.

मग भाव. १९४२ च्या सुरुवातीला साधा तांदूळ मणाला सहा-सात रुपयांच्या आसपास होता. डिसेंबरमध्ये कलकत्त्यात तो तेरा-चौदावर गेला, मार्च १९४३ मध्ये एकवीस, मे मध्ये तिशीपार, ऑगस्टमध्ये सदतीस. ऑक्टोबरात चितगावला ऐंशी आणि ढाक्याच्या बाजूला शंभरावर भाव ऐकू येत होता. शेतमजुराची मजुरी या चढणीच्या जवळपासही नव्हती. भाव असा का चढला? ब्रिटनच्या वतीने भारतात होणारा युद्धाचा खर्च भारतात नोटा छापून भागवला जात होता आणि त्याची परतफेड लंडनच्या वहीत जमा म्हणून लिहिली जात होती. लष्करी ठेकेदार, कारखानदार, बांधकामावरचे मुकादम यांच्या हातात पैसा खुळखुळू लागला. त्यांनी आणि सरकारी खरेदीदारांनी मिळून बाजारातला तांदूळ ओढला. ऑगस्ट १९४२ मध्ये बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सच्या पुढाकाराने योजना ठरली की कलकत्त्यातले कारखाने, बंदर, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांतल्या लोकांना आणि त्यांच्या कुटुंबांना माफक भावात धान्य मिळावे. युद्धाला उपयोगी ती माणसे आधी. मार्च १९४३ मध्ये बंगाल सरकारने तांदळावरचे भावनियंत्रण उठवले. दरम्यान प्रत्येक प्रांताने आपले धान्य बाहेर जाऊ न देण्यासाठी सीमा बंद केल्या होत्या.

या सगळ्याचा परिणाम कलकत्त्याच्या रस्त्यावर उतरला. १९४३ च्या उन्हाळ्यापासून खेड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे शहरात येऊ लागली. ती भात मागत नव्हती. भात मागून मिळत नाही हे त्यांना कळून चुकले होते. दारोदार जाऊन ती पेज मागत होती, भात वेळल्यावर उरते ती. ज्या घरातून मागायचे त्या घरात रेशनचा किंवा कंपनीचा तांदूळ शिजत होता. शहरातला नोकरदार उपाशी नव्हता. त्याच्या उंबऱ्यावर जी बाई पोर घेऊन बसली होती, ती मिदनापूरची किंवा चोवीस परगण्यांची होती, आणि बहुधा त्याच तांदळाच्या मुलखातून आली होती. एकाच फुटपाथवर, एकाच दिवशी, एकीकडे तांदूळ आहे आणि दुसरीकडे मरण आहे, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना ‘तांदूळ बंद झाला’ हे कारण पटवून दाखवावे.

‘दुष्काळ’ हा शब्द छापण्यावर सेन्सॉरचा डोळा होता. मिदनापूरच्या वादळाची बातमीसुद्धा आधी दाबली गेली होती. तिथे तामलुकला पुढे साताऱ्याच्या प्रतिसरकारसारखेच एक राष्ट्रीय सरकार उभे राहिले, आणि अशा बंडखोर मुलखाबद्दल इंग्रज सरकारच्या मनात कणव नव्हती. अखेर २२ ऑगस्ट १९४३ रोजी ‘स्टेट्समन’ या इंग्रजी मालकीच्या वर्तमानपत्राचे संपादक इयन स्टीफन्स यांनी रस्त्यावरच्या प्रेतांची छायाचित्रे छापली. शब्दांवर बंदी होती, छायाचित्रांचा विचार कुणी केला नव्हता. तेव्हा कुठे जगाला कळले. लिनलिथगो त्याच्या कारकिर्दीच्या त्या शेवटच्या महिन्यांत एकदाही बंगालमध्ये पाऊल टाकायला गेला नाही. ऑक्टोबरमध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाला, आल्या आल्या कलकत्त्याला गेला आणि त्याने लष्कराला धान्यवाटपाच्या कामाला लावले. लष्कर तेच, युद्ध तेच, शत्रू तिथेच होता. मग हे काम सहा महिने आधी का झाले नाही?

आता जहाजांचा मुद्दा. युद्धात जहाजे नव्हती, असे सांगतात. जहाजे कमी होती हे खरे. जानेवारी १९४३ मध्ये चर्चिलने हिंदी महासागरात फिरणाऱ्या जहाजांत मोठी कपात करून ती अटलांटिककडे, ब्रिटनची आयात आणि साठे सांभाळायला वळवली. ऑगस्टमध्ये भारत सरकारने पाच लाख टन धान्य मागितले, युद्धमंत्रिमंडळाने त्याचा लहानसा तुकडा मंजूर केला. कॅनडाने एक लाख टन गहू देऊ केला, तो जहाजाअभावी नाकारला गेला. चर्चिलचे समर्थक सांगतात की १९४४ संपेपर्यंत लाखो टन धान्य भारताकडे रवाना झाले आणि एप्रिल १९४४ मध्ये त्याने रूझवेल्टकडे जहाजांसाठी विनवणी केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एप्रिल १९४४ ची विनवणी १९४३ च्या मृतांना उपयोगाची नव्हती.

मात्र इथे मला दुसऱ्या बाजूच्या सोयीस्कर उत्तरालाही नकार द्यायचा आहे. आजकाल सगळा दोष एकट्या चर्चिलच्या माथी मारून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. भारतीय माणसांबद्दल त्याच्या मनात तिरस्कार होता, आणि त्याच्याच भारतमंत्र्याने तो आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला आहे. त्याचा दोष मोठा आहे. पण होड्यांचा हुकूम लंडनच्या मंत्रिमंडळाने काढला नव्हता. भावनियंत्रण बंगालच्या सरकारने उठवले. एप्रिल १९४३ मध्ये हक यांच्यानंतर आलेले नझिमुद्दीन मंत्रिमंडळ बरेच दिवस ‘तांदूळ पुरेसा आहे’ असेच सांगत राहिले. साठे दडवणारे व्यापारी आपलेच होते. खुद्द चौकशी आयोगाने हिशेब केला की दुष्काळातल्या अवाजवी नफ्याची बेरीज दीडशे कोटी रुपये होते, म्हणजे दर मृत्यूमागे सुमारे एक हजार रुपये नफा. हा हिशेब वाचल्यावर फक्त चर्चिलचा पुतळा काळा करून समाधान मानणाऱ्यांना मी विचारतो, ते हजार रुपये कुणाच्या तिजोरीत गेले?

शत्रूच्या आक्रमणाने जे थेट झाले, ते मान्य करायला मी तयार आहे. जावा जपानच्या हातात गेल्यावर जगातला बहुतेक सगळा सिंकोना त्याच्याकडे गेला, क्विनाइन दुर्मिळ झाले, आणि बंगालमध्ये उपाशी देहांवर हिवतापाने झडप घातली. १९४३ च्या डिसेंबरात नवे पीक आले, चांगले आले, आणि त्याच महिन्यात मृत्यूंनी शिखर गाठले. दुष्काळाच्या बळींपैकी निम्म्याहून अधिक माणसे भात पिकल्यावर, १९४४ मध्ये, हिवताप, पटकी आणि देवीने मेली. क्विनाइनची तूट हा आक्रमणाचा खरा परिणाम आहे. पण हिवतापातून जगू शकतील अशा अवस्थेत ती माणसे का नव्हती, हा प्रश्न पुन्हा होड्यांकडे आणि भावाकडेच नेतो.

‘युद्धकाळात दुसरे काय करता आले असते’ याचे उत्तर आपल्या घरातही आहे. मुंबई शहर धान्यासाठी बाहेरच्या तांदळा-गव्हावर जगत होते, त्याच्या समुद्रातूनही युद्धाचीच जहाजे ये-जा करत होती. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले; कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ मध्ये आले. मुंबई इलाख्यातल्या विजापूर जिल्ह्यात १९४२-४३ मध्ये अवर्षण पडले, तेव्हा तिथे दुष्काळ जाहीर करून दुष्काळ संहितेप्रमाणे कामे काढली गेली. बंगालकडेही दुष्काळ संहिता होती. १९४३ च्या संपूर्ण वर्षात तिच्याखाली दुष्काळ जाहीर करण्यात आला नाही, कारण जाहीर केला असता तर कामे काढावी लागली असती आणि धान्य पुरवावे लागले असते.

आणि १९७२. त्या वर्षी महाराष्ट्रात धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले, आणि तेही ओळीने दोन वाईट वर्षांनंतर. टक्क्यांत मोजली तर ही तूट १९४३ च्या बंगालच्या कोणत्याही अंदाजापेक्षा मोठी होती. लोकांचे अतोनात हाल झाले, जनावरे छावण्यांवाचून मेली, गावेच्या गावे मुंबई-पुण्याकडे उठली. पण मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती: खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, नालाबांध घालत होती. हातात मजुरी होती, म्हणून दुकानातला मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, विकत घेता येत होता. पोरांना सुकडी मिळत होती. ती खडी फोडताना हात सोलवटलेली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि तो मिलो किती बेचव होता हे ती सांगतात. सांगायला ती जिवंत आहेत. बंगालच्या शेतमजुराच्या हातात मजुरी द्यायला १९४३ मध्ये कुणी नव्हते, कारण त्याच्यापासून युद्धाला उपयोग नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात भारताच्या सैन्याचे सुमारे ८७ हजार जवान कामी आले. उत्तर आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात पडलेल्या मराठी शिपायांची नावे आपल्या गावांतल्या दगडांवर कोरलेली आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. त्याच युद्धात, त्या सगळ्या रणांगणांपासून दूर, बंगालच्या खेड्यांत त्याच्या वीस-तीस पट माणसे मेली. त्यांना युद्धाचे बळी मानायलाही आपण तयार नसतो. नाइलाजाने मानलेच तर जपानचे बळी म्हणतो. जपानने रंगूनमध्ये जे केले, अंदमानात जे केले, त्याचा हिशेब स्वतंत्र आहे आणि तो चुकता करण्याची गरज आहे. बंगालचा हिशेब त्याच्या नावावर टाकला की ज्यांच्या नावावर तो आहे ते सुटतात.

१९४४ मध्ये सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. साक्षी बंद दाराआड झाल्या. अहवाल १९४५ मध्ये आला. त्याने प्रांतिक सरकारवर बराच ठपका ठेवला आणि लंडनच्या जहाजांच्या निर्णयांवर बोट ठेवणे टाळले. काम संपल्यावर सदस्यांना आपल्याकडच्या साक्षींच्या प्रती नष्ट करायला सांगण्यात आले. मणिलाल नानावटी या एका सदस्याने, जे पूर्वी बडोदे संस्थानात आणि नंतर रिझर्व्ह बँकेत उच्च पदावर होते, आपली प्रत जपून ठेवली. ते कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत होड्या कशा घेतल्या, तांदूळ कुणी उचलला, भाव कुणी सोडला, हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या तोंडून नोंदलेले आहे. बंगालच्या त्या मृत्यूंबद्दल ज्यांना लिहायचे किंवा शिकवायचे आहे, त्यांनी ब्रह्मदेशाच्या तांदळाचे नाव घेण्याआधी ते वाचावेत. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी तर वाचलेच पाहिजेत.